शेरामागं छटाक

दाखल्यासाठी एक नोंद हवी होती, एवढंच.
पोराच्या ॲडमिशनला पंधरा दिवस उरलेले,
आणि मोडी वाचणाऱ्या कुंभोजकर बाईंच्या टेबलापुढं
माझ्याआधी चौदा जण.

बाईंनी भिंग सरकवलं, थांबल्या, चष्मा पुसला.
"जातीची नाही ही. फौजदारीची आहे."

येसबा बिन राणोजी, गुळाच्या पेठेतला तोलार.
लोखंडी शेर खालून कोरला, भोक मेणानं बुजवलं,
शेरामागं छटाक, अकरा वर्षं.
दंड रुपये साठ.

आमच्या घरात येसबा म्हणजे देवमाणूस.
गल्लीतला कुठलाही वाद
"आम्ही येसबाचं हाय" म्हटलं की मिटायचा.
आत्ती तर त्याच्या नावानं मीठसुद्धा मोजून घालायची.

बाई वाचतच होत्या.
मोडीची ओळ एकदा लागली की लेखणी न उचलता पुढं जाते,
कुणाची लाज वाटून मध्ये थांबत नाही.

दंड भरणार: गोदू कासारीण, वय तीस,
सदरहूच्या घरी लग्नावाचून राहते.
पाटल्या मोडून साठ भरले.
मुलगा एक, बाळोजी.

बाळोजी म्हणजे माझ्या आज्याचा बाप.

देवघरात टाक दोनच आहेत:
येसबा, आणि शेजारी पदर घेतलेली साळूबाई,
जिला, आता कळतंय, मूल झालंच नाही.
दर दसऱ्याला चिंचेनं घासघासून
मी तिचं नाक झिजवलंय.
गोदूचं नाक कसं होतं कुणास ठाऊक.
बायको म्हणाली, "आरशात बघा की."

थोरल्या काकांना फोन लावला.
बराच वेळ पलीकडं नुसता टीव्ही.
मग म्हणाले, "फाडून टाक त्यो कागद."
"सरकारी हाय."
"मग वाचाय कशाला गेलतास?"

नोंद मिळाली नाही. झेरॉक्सचे बारा रुपये गेले.

संध्याकाळी गंगावेशीत दुकान उघडलं.
काटा डिजिटल, ग्रॅमला ग्रॅम बोलतो.
पहिलं गिऱ्हाईक, अर्धा किलो शेंगदाणे.
आकडा थरथरत वर चढला
आणि बघतो तर माझी करंगळी
ताटलीच्या कडेला टेकलेली,
कुणी न शिकवता.

काढून घेतली.
वर एक मूठ टाकली, मग आणखी एक.
"मामा, जास्त झालं की."
"ऱ्हाऊ दे," म्हटलं, "जुनी बाकी हाय."