जेवढं शेण, तेवढं पाणी

महेबूब गवंडी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला
आणि काडीनं मातीत दोन सारख्या रेघा ओढल्या.
ही शेणाची. ही पाण्याची.
जेवढं शेण तेवढं पाणी, वहिनी. कमी नाही चालत.

टँकर तिसऱ्या दिवशी येतो.
आमच्या वाट्याला अकरा घागरी.
बोअर घटकाभर चालतं, मग नुसतं फुसफुसतं;
त्यातलं सगळं सहा गाईंचं.
आता हे विटांचं एक जित्राब, जमिनीत तोंड वासून.
त्याला रोज चार घागरी. तीन दिवसांच्या बारा.
बारा आणि अकरा.

जाऊ म्हणाली, माणसाला प्यायला मिळंना
अन् शेणाला पाजायलीस?
खरं होतं तिचं.
पण भट्टीपुढं ती बसत नव्हती.
मी बसत होते, चौदा वर्षं.
उजव्या हातानं कढईत उलथणं फिरतं, थांबलं की दूध लागतं,
डाव्यानं बाभळीचं लाकूड सारायचं.
डोळे पुसायला तिसरा हात देवानं दिला नाही.
भूमच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं छातीला नळी लावून विचारलं,
विडी ओढता का?
म्हटलं, नाही. खवा करते.

मग पाणी हुडकलं.
दुधाच्या कॅनचं विसळण. डाळीचं धुवण.
गोठ्याच्या उताराला पन्हाळी पाडली, मूत वाया जात होतं.
पोराला सांगितलं, साबण बंद, पीठ लावून अंघोळ कर,
घंगाळात बसून.
तो शाळेत सांगत सुटला,
आमच्या गॅसला माझी अंघोळ लागते.

ऊन मात्र मागेल तेवढं.
वैशाखात शेण तासाभरात कातडं धरतं,
म्हणून पहाटे चारला, मऊ असतंय तवर उचलायचं.
महेबूब म्हणाला, आतल्या जिवांना ऊब पाहिजे,
थंडीच्या मुलखात टाकी झोपून जाते,
इथं जागी राहील.
आमच्या उन्हाबद्दल कुणी बरं बोललेलं
मी पहिल्यांदा ऐकलं.

नवव्या दिवशी नळी सोडली, काडी धरली.
काडीच विझली.
दीर हसला. शेणातून काय निघणार, म्हणाला.
बाराव्याला पुन्हा विझली. तो हसला नाही,
ते जास्त लागलं.

अठराव्या दिवशी भर दुपारी
शेगडीवर काहीच दिसेना.
मी हात पुढं केला आणि दोन बोटं भाजली.
उन्हात निळी ज्योत दिसत नाही.
दुधाला दिसली.
कढईच्या कडेनं बारीक जाळी धरायला लागलं,
आणि मी तशीच बघत उभी,
बोटं तोंडात घालून.

दोन कढया होतात. तिसरीला अजून बाभूळच.
खोकला आहे, पण सकाळचा सकाळी संपतो.

बाजारात राकाशेठनं गोळा चिमटीत मोडला, हुंगला,
धूर नाही याला. गिऱ्हाईकाला धुराची सवय आहे.
किलोमागं पाच रुपये तोडले.
पुढच्या बाजाराला मी त्याच्या दुकानावरून पुढं गेले,
डोक्यावर पाटी, त्याला दिसेल अशी.

रात्री टाकीची लोखंडी टोपी गॅसनं वर येते.
मी गेरूनं खूण करून ठेवते आणि झोपते.
चारला, शेणाला हात घालायच्या आधी,
अंधारात तिला तळवा टेकवते.
कोमट असते,
गाभण गाईच्या कुशीसारखी.
काल वीतभर.
आज वीत आणि वर तीन बोटं.

टँकर उद्या.