गो, नो-गो

उद्यमबागेत सव्वीस वर्षं
माझ्या हातात हे गेज आहे.
एक टोक हिरवं, एक लाल.
हिरवं भोकात गेलं पाहिजे,
लाल जाता कामा नये.
एवढंच काम. क्वालिटी.
लाल आत गेलं की मी ब्रश बुडवतो,
तुकड्यावर फुली मारतो, पेटीत टाकतो.
आवाज येतो.
पेटीला त्याचं काही नसतं.

भोक लहान राहिलं तर पुन्हा मशिनवर चढवता येतं.
मोठं झालं की झालं.
हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

गणपतीनंतर कधीतरी सुरू झालं.
तारीख सांगता येत नाही.
कोणी गेलं नाही, कोणी काढून टाकलं नाही,
पोरगी पुण्यात कामाला लागलेली,
स्कूटरचा हप्ता फिटलेला.
फक्त डबा उघडायचो आणि बंद करायचो.
आंघोळीचं पाणी निवायचं,
मी बादलीकडं बघत बसलेला.
सुपरवायझर म्हणाला, भरमा,
कालच्या लॉटमधले चाळीस चांगले तुकडे
रिजेक्ट मारलास की रे.
पुन्हा मोजले. चांगले होते.
काल मात्र प्रत्येकात मी
लाल टोक आत जाताना बघितलं होतं.

तिसऱ्या गेटला मालगाडी गेली, फाटक उघडलं,
मागून हॉर्न सुरू झाले.
मी तसाच, स्कूटरवर, एक पाय टेकून,
रूळ कुठंपर्यंत दिसतो ते बघत.
इस्माईल मागून आला.
काही न विचारता स्कूटर ढकलत पलीकडं नेली,
माझ्यासकट.
"चहा घे गा," म्हणाला.
घरी मी बोललो नाही. तोच बोलला असणार.

"मी येतो तुमच्यासंगट,"
रेणुका म्हणाली, आणि चप्पल घालूनच उभी राहिली.

सिव्हिलमध्ये, बाकावर,
ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून
मी तोंडाला रुमाल लावलेला.
समोर वडगावचा एक मागवाला,
त्याच्याही तोंडाला रुमाल.
दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही.
डॉक्टरीण धारवाडकडची, हिरेमठ.
तुटक्या मराठीत म्हणाली, सांगा, काय वाटतं?

मराठीत मला काही वाटेना.
मराठीत मी बाप होतो, थोरला भाऊ होतो,
गल्लीतल्या मंडळाचा खजिनदार होतो,
मोर्च्यात पुढच्या रांगेत होतो.
या भाषेत मी आजवर कुणालाच
जमत नाही, असं म्हटलेलं नव्हतं.

मग बाजारातलं कन्नड तोंडात आलं,
मेथीची पेंढी मागायचं, बस थांबवायचं.
"ब्यासर आगेती, अव्वा.
भाळ ब्यासर आगेती."
जिच्या पाट्यांवरून आम्ही उभा जन्म भांडलो
तिनं माझं ऐकून घेतलं.
रेणुकाला कळलं.
तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं,
सोडलं, गुंडाळलं.

गोळी रात्री एक. पंधरा दिवसांनी या.
लगेच बरं वाटलं असं काही नाही.
तोंड कोरडं पडतं.
झोप येते ती चिखलासारखी,
सकाळी पाय उपसून काढावा लागतो.

काल जेवणाच्या सुट्टीत इस्माईलला म्हटलं,
मोठं झालेलं भोक लहान होत नाही बघ.
तो भाकरी मोडत होता.
"बुश मारतात की गा त्याला."
"गिऱ्हाईक घेत नाही तसला माल."
"गिऱ्हाईक कोण हाय हितं?"
म्हणाला, आणि शेंगाचटणी पुढं सारली.

दुपारच्या लॉटमधला पहिला तुकडा उचलला.
हिरवं गेलं.
लाल तोंडाशीच अडलं.
तीनदा बघितलं, तीनदा अडलं.
तरी चौथ्यांदा बघितलं.