वेलांटी

क्षेमकल्याणी नोटप्रेसमध्ये होते.
सुटताना फाटकावर झडती व्हायची.
"रोज दोनचार कोट्या बाहेर नेतो," म्हणायचे,
"अजून सापडलो नाही."

भद्रकालीतल्या आमच्या छापखान्यात
सायकलवरून मजकूर आणायचे, पाठकोऱ्या कागदांवर.
पूर आला त्या साली लिहिलं:
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी,
तरी दोन्ही तोंडं गप्प.
आमचे नगरसेवक एकाच तोंडानं
दोन्ही काठांशी वेगवेगळं बोलतात.

मी तेव्हा नवा, खिळे जुळवणारा, सातवी पास,
शुद्धलेखनाचा भारी ताठा.
त्यांनी लिहिलं, "यानंतर अध्यक्षांचे भीषण झाले."
मी त्याचं भाषण केलं.

अंक निघाला. त्या ओळीवर कुणी हसलं नाही.
ते आले, मला अर्धा चहा पाजला,
"निवृत्ती, अध्यक्षांवर उपकार केलेस रे."
एवढंच.

काल शालिमारला रद्दीत त्यांचं पुस्तक.
कुणा साहेबांना सप्रेम भेट, खाली लपेटदार सही,
आणि आतली पानं अजून जोडलेलीच.
पोरानं काट्यावर टाकलं: एकशे ऐंशी ग्रॅम.
लोक म्हणायचे, यांच्या लिखाणाला वजन नाही.

तिथंच फूटपाथवर बसून
बसच्या पासानं पानं सोडवली.
छत्तिसावर, अंकातून जसंच्या तसं उचललेलं
माझं भाषण.

बॉलपेन दोनदा झटकलं.
काना खोडला,
वेलांटी दिली, दीर्घ,
आणि एकटाच एवढ्यानं हसलो
की एक रिक्षा थांबली,
"बाबा, कुठं सोडू?"