पाठ

पावणेपाच. फाइव्ह गार्डन्सच्या कठड्याशी
पेपरवाल्याची सायकल आणि मी.
मग एकेक येतात माझे लोक.
निमकर, ज्यांचा उजवा गुडघा हवामान खात्याच्या आधी बोलतो.
हवोवी, साठी उलटलेली,
दर सिग्नलला विचारते, किती राहिलं, डिकरा?
कामतांचे जुळे, त्यातल्या एकालाच धावायचंय.
आणि रेश्मा तांडेल. आईला भाऊच्या धक्क्यावर सोडून
थेट येते, टी-शर्टला बर्फाचा वास.

मी त्यांच्यासमोर उलटी धावते.
हात खाली. टाच आपटू नका. श्वास मोजा, गाड्या नको.
नाहीतर सगळ्यांच्या मागे,
जो शेवटचा, त्याच्या दमाला दम लावून.
दर रविवारी माझ्या घड्याळात
दुसऱ्याच कुणाचा तरी वेग साठतो.

माझं स्वतःचं धावणं
मंगळवारी रात्री, चोरून केल्यासारखं.
माटुंग्याहून शिवडीच्या जेट्टीपर्यंत,
ट्रकांच्या उजेडात आपलीच सावली
लांब होते, आखडते, चाकाखाली जाते.
घरी पोळीच्या डब्यावर ताटली झाकलेली,
नवरा झोपल्याचं नीट सोंग घेऊन.
गव्हाच्या पिंपाच्या झाकणाला आतून
पेन्सिलीने लिहिलंय: ३.५८.
हा आकडा ठाऊक आहे फक्त मला आणि गव्हाला.

मॅडम, त्या दिवशी तुम्ही असाल ना?
रेश्माने डिसेंबरात विचारलं होतं.
असेन, म्हटलं.
वाक्य तिथे संपत नव्हतं. मी संपवलं.

जानेवारी. पेडर रोडचा चढ, पस्तिसाव्याच्या पुढे.
बाल्कनीतून कुणी थाळी वाजवतंय,
एक आजोबा रस्त्याकडेला मीठ लावलेली संत्री वाटतायत,
आणि कठड्याला धरून उभी रेश्मा,
पोटरी हातात.
पहिले वीस फार जोरात मारले असणार.
किती वेळा सांगितलं होतं.
तिने मला पाहिलं.
माझ्या हाताशी त्या क्षणी अकरा सेकंद शिल्लक होते.

छोटी पावलं टाक, म्हणाले मी, चढ संपतो.
आणि गेले.

मान वळवायची नाही.
मान वळली की लय मोडते, हे मीच शिकवलेलं.
उतारावर पाय सुटले, तरी काहीतरी
मागे ओढत होतं, पदर खिळ्याला अडकावा तसं.
मरीन ड्राइव्हवर ऊन समोरून आलं.
समुद्राकडे मी पाहिलंच नाही.

तीन एकोणसाठ सात.
ते अकरा सेकंदही कुठे सांडले कळलं नाही.

मेडल खिशात घालून मैदानाच्या दोरीशी उभी राहिले,
हातात तिच्यासाठी केळं, ते हळूहळू काळं पडत गेलं.
वाक्यं जुळवत होते. एकही धड उभं राहीना.
चार बावन्नला ती आली, एका पायाने लंगडत,
दुसऱ्याने भांडत.
केळं घेतलं. सोललं. अर्धं खाल्लं.
मग म्हणाली,
मॅडम, तुमची पाठ मी आज पहिल्यांदा बघितली.

मी थांबले, पुढचं ऐकायला.

डावा खांदा वर जातो तुमचा.
दमलात की पार कानाला लागतो.
कुणी सांगितलं नाही कधी?

कोण सांगणार होतं.

पुढल्या मंगळवारी, शिवडीच्या वळणावर,
मागे पावलं वाजली. छोटी, मोजकी.
पोटरी अजून दुखत असणार, आवाजावरून कळलं मला.
मंगळवारचं तिला कुणी सांगितलं, विचारलं नाही.
ट्रक गेला, अंधार झाला, बर्फाचा वास आला.
मी मान वळवणार होते,
तेवढ्यात मागून:
पुढे बघा. खांदा.