झबली

पूर ओसरून अकरा दिवस झाले.
दुकानातला गाळ उपसला,
ओले गठ्ठे फुटपाथवर वाळत घातले,
विम्याच्या माणसाला बरंचसं खरं सांगून झालं,
तेव्हा रिक्षावाला हसमुख जाता जाता म्हणाला,
‘शितोळेकाका, तमारुं नाम तो झाड पर लटके छे.’

गेलो. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर
कठड्याला पोट टेकवून पाहिलं.
विश्वामित्री निमूट आपल्या घळीत परतलेली.
काठच्या बाभळींवर मात्र, दोन पुरुष उंच,
तिनं चिखलाची एक रेघ आखून ठेवलेली
आणि त्या रेघेवर काट्याकाट्याला
पिशव्या.
पांढऱ्या, निळ्या, दुधाच्या, फरसाणाच्या.
त्यांतली एक गुलाबी.
चष्मा पुसला. तरी तेच.
शितोळे बालवस्त्रालय, दांडिया बाजार,
खाली दुकानाचा फोन,
जो बंद होऊन नऊ वर्षं झाली.

आमच्या बडोद्यात या पिशवीला झबलाच म्हणतात.
दोन खांदे, मध्ये गळा, बिनबाह्यांचं अंग.
मी मराठीत झबली शिवायची
आणि गुजरातीत झबल्यात घालून द्यायची,
हा विनोद गल्ल्यावर बसून किती वर्षं केला.
गिऱ्हाईक हसलं की एक पिशवी जास्तीची.
दिवसाला साठ धरा. दिवाळीत दोनशे.
रात्री वही घेऊन बसलो होतो,
सातव्या वर्षाशी मिटली.

आणि निर्माल्य.
ते तर मी स्वतः टाकायचो याच पुलावरून,
दर शुक्रवारी, चपला काढून, हात जोडून.
देवाचं म्हणून नदीत,
ओलं म्हणून पिशवीत,
सुटू नये म्हणून दोन गाठी.

बाभळीखाली मगर पडली होती,
जबडा उघडा टाकून, उन्हाला.
पिल्लं अंड्यातून निघाली की
ती त्याच जबड्यात त्यांना उचलून पाण्यात नेते म्हणे,
एक ओरखडा न उमटवता.
माझ्या हातात चाळीस वर्षं टाचण्या आहेत,
मला माहीत आहे हे किती कठीण असतं.

पुराच्या तिसऱ्या रात्री ती आमच्या गल्लीत आली होती.
तीच की दुसरी, कुणी विचारलं?
गच्च्यांवरून बॅटऱ्या, आरडाओरडा,
वनखात्याला मीच फोन लावला,
‘साहेब, मगर घुसली आहे आमच्यात.’
ते आले, दोर टाकला, तोंड बांधलं, घेऊन गेले.

आणि आमची पिशवी तिच्या गल्लीत घुसली तेव्हा
तिनं कुणाला फोन लावायचा?
नंबर तर होता की वर छापलेला.
माझा.
बंद.

रविवारी शिडाचा बांबू आणला, टोकाला आकडा बांधला.
हसमुखनं माझा कमरेचा पट्टा मागून धरला.
दीड हात कमी पडला.
खालून एक डोळा उघडला, मिटला.
दोघंही घरी आलो.

आता दुकानात कातरणाच्या पिशव्या शिवतो.
पहिली वाकडी झाली, दुसरीचा बंद तुटला.
हंसाबेन नातीचे पाच फ्रॉक घेऊन म्हणाल्या,
‘झबलो नथी?’
नाही म्हणालो. फ्रॉक गल्ल्यावरच ठेवून
त्या समोरच्या दुकानात गेल्या.
त्यांना मी काय सांगणार, इतकी वर्षं
सवय कुणी लावली?
एक मात्र झालं, परवा कुणीतरी
तीच वाकडी पिशवी धुऊन परत आणून दिली,
आत दोन पेरू.

गुलाबी अजून तिथंच आहे.
बोहनीच्या आधी रोज एक फेरी मारतो.
वारा आला की ती फुगते,
आत कुणी बाळसं धरत असल्यासारखी.
माझ्या धंद्यात चुकलेलं उसवता येतं,
उलट करून टाका शोधायचा आणि ब्लेड लावायचं.
हिला शिवणच नाही.