प्रवासखर्च

डिसेंबर लागला की आमची जीप
अधिवेशनाच्या बंदोबस्ताला जाते.
धुर्वे ड्रायव्हर म्हणतो,
जाऊ द्या मॅडम, तिच्या पोटात डिझेल तरी पडंन.

जागा अकरा, माणसं तीन.
हिंगण्यापासून बुटीबोरीपर्यंत जेवढे गेट
तेवढे माझ्या नावावर. कागदोपत्री.

परवा सभागृहात आमच्या खात्याची मागणी
साडेचारच्या सुमारास निघाली,
लोक चहाला उठले होते.
तपासणीचा खर्च यापुढे एवढ्याच्या वर नाही,
आणि ते 'एवढं' मागच्यापेक्षा निम्मं.
होयचे बहुमत.
नाही म्हणणारा एक जण खोकला, असं ऐकलं.

आज कौतिका नेवारे आली,
तारेच्या कारखान्यातून, रात्रपाळी करून.
पिशवीत एकवीस महिन्यांच्या पावत्या,
रोजामागे चाळीस रुपये कमी.
रुमालाची गाठ सोडून तिनं टेबलावर बोल्ट ठेवला:
"मशीनची जाळी काढून टाकली जी. हा तेवढा राह्यला.
तुमी तं येऊनच नाही राह्यल्या,
म्हनून कारखानाच आणला थोडासा."

बोल्ट अजून तेलकट होता.
फायलीवर गोल डाग पडला,
मी पुसला नाही.

नोंदवहीत लिहिलं:
तपासणीचं ठिकाण, हे टेबल.
वाहन, शहर बस.
प्रवासखर्च, जाऊन-येऊन सत्तर रुपये,
कामगाराने स्वतः केला.
मंजुरीच्या रकान्यापाशी पेन थांबला.

ती खुर्चीतच पेंगत होती.
सात वाजता पुन्हा पाळी.