टेपचं दुसरं टोक

नगरपालिकेनं मला दिली
पिवळ्या रंगाची बादली, एक कुंचला,
तीस मीटरचा टेप, आणि सहीशिक्क्याचा कागद:
शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांवर रेघ मारावी.
रेघेच्या पलीकडं काय, ते कागदात नव्हतं.
टेप धरायला माणूसही नव्हता.

फाटकाशी एक पोरगं उभं होतं.
म्हणलं, धर रे हे टोक, शून्यावर अंगठा ठेव, हलू नको.
नाव सांगितलं परमेश्वर.
तर शून्यावर परमेश्वर, पुढं मी.

नखं पिवळी त्याची. बाप मोंढ्यात हळदीची पोती उचलतो.
या दिवसांत वसमतमधी सगळंच पिवळं असतंय,
कुत्री, सायकलीच्या सीटा, वह्यांचे कोपरे.
माझी रेघ कुणाला दिसणार, असं वाटून गेलं.

तीस. साठ. नव्वद.
वर आणखी एक मीटर अन् दोन वीत.
"शंभर कुठं झाले?" पोरगं म्हणलं.
यार्ड वेगळं, मीटर वेगळं.
"मग मीटरातच का नाही लिहिलं?"
मी कुंचला बुडवला.

रेघ आली ती हलीमाआपाच्या टपरीच्या बरोबर मधून.
शाळेकडं पुडे, सिगारेटी, चुन्याच्या डब्या;
पल्याड गोळ्या, बिस्किटं, रिफिली;
आणि फळीखाली, फडक्याआड,
जे राज्यात कुठंच मिळत नाही ते.
"बोला दादा," आपा म्हणली,
"माझं कुठलं अर्ध गुन्हेगार?"

चाकाखालच्या विटा काढल्या.
मी ढकललं, परमेश्वरानंही खांदा लावला.
टपरी सहा फूट सरकली
आणि कायद्यात बसली.

मग पत्र्याची पाटी ठोकली.
पोरानं बोट ठेवून मोठ्यानं वाचली,
अठरा वर्षांखालील व्यक्तीस, दंडनीय, वगैरे.
"मी अकराचा. म्हणजे अजून सात वर्षं."
थांबलं जरा.
"मग काय होतंय, सर?"
मी सर नव्हतो. तरी गप्प बसलो.

रंग ओला होता अजून.
त्यानं कंपासपेटीतून दहाची नोट काढली,
पाय भरू नये म्हणून रेघेवरून उडी मारली,
"आपा, बाबाची पुडी."

आपानं माझ्याकडं बघितलं.
मी बादलीत बघितलं.
माझ्या खिशात तिच्याच टपरीतली पुडी होती, दोन चिमटीची राहिलेली.

"बापाला म्हणावं, आपानं बोलावलंय."
"बाबा मारतेल."
"मारलं तर मला येऊन सांग."
नोट घडी करून तिनं पुन्हा कंपासपेटीत ठेवली,
कर्कटकाच्या खाली, वाऱ्यानं उडू नये अशी.

दिवेलागणीला बाप आला. खांद्याला पोत्याचा आकडा, डोळे लाल.
"लेकराला रिकाम्या हातानं धाडता?"
"तू घे की. तुझं वय झालंय."
तळहातावर मळता मळता
त्यानं मान वर केली.
"ही शाळा व्हय?"
"ती माझी खिडकी," पोरगं म्हणलं, "तिसरी. काच फुटलेली."
बराच वेळ बघत राहिला.
मग टाकलीच तोंडात,
पण शाळेकडं पाठ करून.

घरी आलो. बादली मोरीत ठेवली.
जेवण झालं. जीभ दाढेकडं जायला लागली.
रोजच्यासारखी हाक तोंडात आली, "राधे, जाय गं जरा कोपऱ्यावर."
राधा माझी आठ वर्षांची.
तिनं चपलात पाय घातलेसुद्धा.

"राहू दे," म्हणलं.
स्वतः निघालो.
कोपऱ्यावरचं दुकान घरापासून किती लांब आहे
मला ठाऊकच नव्हतं.

दोनशे बारा पावलं.
मधी एक गटार, झाकण नसलेलं,
आणि दिव्याचा खांब, दिवा नसलेला.